शिक्का सहीचा असतो, हक्काचा नव्हे

रावेर, यावल आणि चोपडा या केळीच्या पट्ट्यात एखाद्या मुस्लिम शेतकरी घरातील कर्ता पुरुष वारला की चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास मृत्युपत्राचा एक कागद बहुधा बाहेर काढला जातो. स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला, खाली अंगठा किंवा थरथरती सही, दोन साक्षीदार आणि नोटरीचा गोल शिक्का. मजकूर बहुतेक वेळा सारखाच असतो: माझी सर्व स्थावर व जंगम मिळकत माझ्या पश्चात माझ्या मुलांनी समान वाटून घ्यावी, मुलींची लग्ने करून दिली असून त्यांचा हिस्सा त्यांना लग्नातच पोहोचला आहे. हा कागद वाचून दाखवला जातो, कोणीतरी वडीलधारे "नोटरी केलेली आहे" असे म्हणतात, आणि घरातील स्त्रिया गप्प होतात. जळगाव जिल्ह्यातील दिवाणी न्यायालयांत वकिली करताना असे कागद माझ्यासमोर सतत येतात. त्यांच्या बळावर जे काढून घेतले जाते ते काढून घेण्याची ताकद त्यांत बहुतेक वेळा नसते, हे स्पष्टपणे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. त्याच बरोबर दुसरीही गोष्ट सांगायची आहे. मृत्युपत्राचा उपयोग आमच्या समाजात जिथे होऊ शकत नाही तिथे केला जातो, आणि जिथे त्याची खरी गरज असते तिथे ते लिहिलेच जात नाही.

प्रथम शिक्क्याविषयी. नोटरी हा 1952च्या नोटरी कायद्याखाली नेमलेला अधिकारी असतो. समोर आलेल्या व्यक्तीची ओळख पटवून तिने आपल्यासमोर सही केली याची नोंद तो आपल्या नोंदवहीत घेतो आणि कागदावर तसे प्रमाणित करतो. लिहून देणाऱ्याला किती वारस आहेत, मिळकत त्याच्या मालकीची आहे का, लिहिलेली वाटणी त्याला लागू असलेल्या कायद्यात बसते का, यांपैकी काहीही तपासणे हे त्याचे काम नाही. त्यामुळे शिक्क्याने सिद्ध होते ते इतकेच की अमुक तारखेला अमुक माणसाने ही सही केली. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या मृत्युपत्राची स्थिती पुराव्याच्या दृष्टीने अधिक बळकट असते, परंतु आतल्या मजकुराला कायद्याची मर्यादा तिथेही सुटत नाही. 1908च्या नोंदणी कायद्यानुसार मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. मुसलमानाच्या मृत्युपत्राच्या बाबतीत तर ते लेखीच असले पाहिजे असेही बंधन नाही, कारण 1925च्या भारतीय वारसा कायद्यातील मृत्युपत्राच्या स्वरूपाविषयीचे नियम मुसलमानांना लागू होत नाहीत. तोंडी वसियत, म्हणजे तोंडी मृत्युपत्रसुद्धा वैध असते, फक्त ती सिद्ध करणे फार कठीण जाते. ज्या कायद्यात कागदाच्या स्वरूपाला इतके कमी महत्त्व आहे, त्यात कागदावरच्या शिक्क्याने हक्क निर्माण होतील अशी अपेक्षा धरणेच चुकीचे आहे.

खरी मर्यादा मजकुराला आहे, आणि ती दुहेरी आहे. मृताचा दफनविधीचा खर्च व सर्व कर्जे फेडल्यानंतर जे उरते, त्याच्या एक तृतीयांशापलीकडे वसियत करता येत नाही. उरलेले दोन तृतीयांश कोणाला कोणत्या प्रमाणात मिळावे हे मरणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलेच नाही, ते कुराणातील सूरह अन-निसामधील 11, 12 आणि 176 या आयतींनी ठरवून दिले आहे. या एक तृतीयांशाचा उगम पैगंबरांचे सहकारी हजरत साद बिन अबी वक्कास यांच्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनाच्या परंपरेने आलेल्या नोंदीत, सांगितला जातो. आजारपणात त्यांनी आपली सारी संपत्ती दान करण्याची इच्छा दर्शवली तेव्हा पैगंबरांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि तेही पुष्कळ झाले असे म्हटले. दुसरी मर्यादा अशी की वारसाच्या लाभात वसियत होत नाही. ज्याला कुराणाने हिस्सा दिला आहे त्याला मृत्युपत्राने आणखी देता येत नाही, जोपर्यंत बाकीचे वारस त्याला संमती देत नाहीत. हनफी पंथात, म्हणजे खान्देशातील बहुसंख्य सुन्नी कुटुंबांना लागू असलेल्या परंपरेत, ही संमती मृत्यूनंतर दिलेली असावी लागते. वडील हयात असताना त्यांच्या भीडेखातर मुलीने दिलेला होकार पुरेसा ठरत नाही. शिया कायद्यात एक तृतीयांशापर्यंत वारसालाही संमतीविना देता येते, आणि संमती मृत्यूपूर्वीही चालते. त्यामुळे जळगाव-नंदुरबारकडील शिया बोहरा कुटुंबांनी हा भेद ध्यानात ठेवून स्वतंत्र सल्ला घ्यावा. पुढचे विवेचन हनफी कायद्याचे आहे.

आता वर वर्णन केलेला कागद या कसोटीवर ठेवून पाहू. समजा एक शेतकरी वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. त्याचे आईवडील आधीच गेलेले आहेत, कर्ज नाही आणि 8 एकर बागायत आहे. अपत्य असल्यामुळे पत्नीचा हिस्सा आठवा, म्हणजे 1 एकर. उरलेले 7 एकर मुलगा व मुलगी यांच्यात दोनास एक या प्रमाणात वाटले जातात, म्हणून प्रत्येक मुलाला 2 एकर आणि प्रत्येक मुलीला 1 एकर. मुलीला मुलाच्या निम्मे का, या प्रश्नावर पुष्कळ चर्चा झालेली आहे आणि ती व्हावीही, पण आमच्याकडील वास्तव असे आहे की ते निम्मेदेखील तिच्या हाती पडत नाही. सर्व मिळकत दोन मुलांना देणारे ते नोटरी केलेले मृत्युपत्र दोन्ही मर्यादा एकाच वेळी ओलांडते, कारण मुलगे वारस आहेत आणि दिलेला भाग एक तृतीयांशाहून अधिक आहे. पत्नी आणि तिन्ही मुली संमती देत नसतील तर ते निरर्थक ठरते आणि वाटणी 1, 1, 1, 1, 2, 2 अशीच करावी लागते. एखाद्या मुलीने स्वखुशीने संमती दिली, तर ती संमती तिच्या स्वतःच्या हिश्शापुरतीच बंधनकारक होते, तिच्यामुळे आईचा किंवा दुसऱ्या बहिणीचा हिस्सा जात नाही.

इथे एक धोका आहे, ज्याकडे स्त्रियांनी विशेष लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. संमती लेखीच असावी असा नियम नाही, ती वर्तनावरूनही अनुमानली जाऊ शकते. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केलेली आहे, पुढे भावांच्या नावे फेरफार होताना हरकत घेतलेली नाही, तलाठ्यासमोर "आमची काही तक्रार नाही" असा जबाब दिलेला आहे, अशा गोष्टी एकत्र आल्या की न्यायालय त्यांतून संमती मानू शकते. म्हणून दुखवट्याच्या दिवसांत कोणी कागद पुढे केला, तर तो वाचल्याशिवाय आणि त्याची प्रत मागितल्याशिवाय सही करू नये. तसे केल्याने कोणाचाही अपमान होत नाही.

लग्नातच हिस्सा दिला, या वाक्याला कायद्यात आधार नाही. मुसलमानी कायद्यात जन्मतः मिळणारा हक्क नसतो आणि हिंदूंच्या एकत्र कुटुंबासारखी सामाईक मालमत्तेची कल्पनाही नसते. वारसाचा हक्क मृत्यूच्या क्षणी निर्माण होतो, त्याआधी ती केवळ आशा असते. जी गोष्ट अजून अस्तित्वातच आलेली नाही ती आधी चुकती करता येत नाही, आणि म्हणून वडिलांच्या हयातीत मुलीने लिहून दिलेले हक्कसोडपत्र सामान्यतः निष्फळ ठरते. याला एक अपवाद सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये गुलाम अब्बास खटल्यात मान्य केला. वारसाने पूर्ण मोबदला घेऊन, समजून-उमजून हक्क सोडला आणि त्याच्या त्या वागण्यावर विसंबून इतरांनी आपली स्थिती बदलली, तर नंतर त्याला हिस्सा मागण्यापासून रोखता येते. लग्नातील मांडव, जेवण, कपडे आणि भांडी यांना असा मोबदला म्हणणे हे त्या निकालाला भलतीकडे ताणणे होय. मुलाच्या लग्नावरही खर्च झालेला असतो आणि तो त्याच्या हिश्शातून कोणी वजा करत नाही.

या सगळ्यात सर्वांत कमी बोलले जाते ते विधवेच्या मेहरबद्दल, म्हणजे निकाहात पतीने पत्नीला द्यायच्या ठरलेल्या धनाबद्दल. निकाहनाम्यात लिहिलेला आणि न दिलेला मेहर हे पतीवरचे कर्ज आहे, म्हणून तो वाटणीच्या आधी, वसियतीच्याही आधी द्यावा लागतो. तो मिळाल्यानंतर तिचा आठवा हिस्सा वेगळा. ज्या घरांत मेहर नाममात्र आहे तिथे या मुद्द्याने फारसा फरक पडत नाही, परंतु जिथे सोन्याच्या वजनात मेहर बांधलेला आहे तिथे फरक मोठा आहे. अपत्य नसलेल्या विधवेचा हिस्सा चौथा असतो. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात तो हिस्सा कायम केला. पतीने हयातीत जमीन विकण्याचा केवळ करार केलेला होता एवढ्यावरून ती जमीन त्याने मागे ठेवलेल्या मिळकतीतून, म्हणजे मतरुकातून, बाहेर जात नाही, हेही न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केले. विसार पावत्या आणि सौदे यांच्या आधारे विधवेला बाजूला सारणाऱ्यांनी तो निकाल जरूर वाचावा.

शेतजमिनीविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नसल्याने त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. 1937च्या शरियत कायद्याच्या कलम 2 मधून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून शेतीत मुलींना शरियतप्रमाणे हिस्सा नाही, असे सांगितले जाते. या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. तो कायदा येण्याआधीही खान्देशात कायदा होताच. 1818 मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि मुंबई इलाख्याचा भाग झाला, आणि त्या इलाख्यात 1827च्या चौथ्या रेग्युलेशनने असे ठरवले होते की लिखित कायदा नसेल तिथे रूढी पाहावी आणि रूढी नसेल तिथे पक्षकाराचा वैयक्तिक कायदा लावावा. म्हणजे मुलींना शेतीतून वगळण्याची रूढी आपल्या जमातीत आहे असे ज्याचे म्हणणे असेल त्याने ती प्राचीन, सातत्याने पाळलेली व निश्चित अशी रूढी पुराव्यानिशी सिद्ध केली पाहिजे. बहिणी गप्प बसल्या म्हणून रूढी सिद्ध होत नाही. ती सिद्ध झाली नाही तर शेतीलाही इस्लामी वारसा कायदाच लागू होतो. प्रत्यक्षात गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद होताना पत्नी आणि मुलींची नावे लागतातच, आणि भावांना ती कमी करून घेण्यासाठी धावपळ करावी लागते, यातच त्या आक्षेपाचे उत्तर आहे.

फेरफाराविषयीही गैरसमज फार आहे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली आणि नाव कमी झाले म्हणजे हक्क गेला, असे आपल्याकडे मानले जाते. महसुली नोंद ही सारा वसुलीसाठी असते. ती बरोबर आहे असे कायदा गृहीत धरतो, पण उलट पुरावा आला की ते गृहीतक संपते. मालकी ठरवण्याचे काम तलाठ्याचे किंवा मंडळ अधिकाऱ्याचे नाही, ते दिवाणी न्यायालयाचे आहे. मृत्युपत्राच्या आधारे भावांच्या नावे झालेल्या नोंदीला मुदतीत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावेच, परंतु ती मुदत टळली म्हणून वाटणीचा दावा बुडत नाही. सहवारसांपैकी एकाचा ताबा हा कायद्याच्या दृष्टीने सर्वांच्या वतीने असतो. त्याने इतरांचा हक्क उघडपणे आणि त्यांना कळेल अशा रीतीने नाकारल्यापासून 12 वर्षांचे प्रतिकूल ताब्याचे चक्र सुरू होते. "तुझा इथे काही हिस्सा नाही" हे वाक्य भाऊ कधी व कोणासमोर बोलला, याला त्यामुळे पुढे फार महत्त्व येते. बँकेतील ठेवीवर किंवा गृहनिर्माण सोसायटीत ज्याचे नाव नॉमिनी (नामनिर्देशित) म्हणून दिलेले असते, तोही त्याच कारणाने मालक होत नाही. त्याने ती रक्कम किंवा सदनिका सर्व वारसांच्या वतीने घ्यायची असते.

हे सगळे ठाऊक असूनही कित्येक बहिणी दावा करत नाहीत, आणि त्यामागे अज्ञान नसते. भुसावळ, पाचोरा, अमळनेर किंवा सुरतेला दिलेल्या मुलीला ईदनंतर येण्यासाठी एक घर हवे असते. हिस्सा मागितला तर ते दार बंद होईल ही भीती खरी आहे, आणि तिला भित्रेपणा म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु जे घर केवळ हिस्सा न मागण्याच्या अटीवर उघडे राहते, त्याची किंमत दर वेळी बहिणीनेच का द्यावी, हा प्रश्न भावांनी स्वतःला विचारायला हवा. ज्या भावाला जमीन एकत्र ठेवायची आहे त्याच्यासाठी सरळ मार्ग आहे. वारस नोंद सर्वांची करावी, बहिणीच्या हिश्शाचे बाजारभावाने मोल ठरवावे, ते हप्त्यांनी का होईना पण द्यावे आणि मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावे. असे करणारी घरे आमच्या भागात आहेत.

वडिलांनाही हयातीत मार्ग आहे, तो हिब्याचा, म्हणजे बक्षिसाचा. देणाऱ्याने देतो म्हणावे, घेणाऱ्याने स्वीकारावे आणि ताबा प्रत्यक्ष द्यावा, या तीन गोष्टी झाल्या की हिबा पुरा होतो आणि त्याला एक तृतीयांशाची मर्यादा नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हफीजा बीबी खटल्यात सांगितले की असा हिबा लेखी नमूद केलेला असला तरी केवळ नोंदणी नाही म्हणून तो अवैध ठरत नाही. पण ताबा दिला पाहिजे. हिबानामा मुलाच्या नावे, केळीचे पैसे मात्र शेवटपर्यंत वडिलांच्या खात्यात आणि पीककर्जही त्यांच्याच नावे, अशा वेळी मुलाला हिबा सिद्ध करणे अवघड जाते. मृत्यूच्या छायेतील आजारपणात केलेल्या हिब्याला वसियतीच्याच मर्यादा लागू होतात, म्हणून दवाखान्याच्या खाटेवर घेतलेल्या अंगठ्याचा उपयोग होत नाही. कायद्याने एकाच मुलाला सर्व देता येते हे खरे, तरीही अपत्यांमध्ये देण्याघेण्यात समानता राखा असे पैगंबरांनी बजावले आहे, आणि शरियतचे नाव घेऊन वाटणी करणाऱ्याने तेवढेच सोयीस्करपणे विसरू नये.

आता ज्या ठिकाणी मृत्युपत्र खरोखर हवे त्याकडे वळते, कारण माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. हनफी कायद्यात जवळचा वारस दूरच्याला वगळतो. एखाद्या माणसाचा एक मुलगा त्याच्या हयातीत वारला, दुसरा जिवंत आहे, तर वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या मिळकतीत काहीही मिळत नाही. सारे काकाकडे व आत्यांकडे जाते. इजिप्तने 1946 मध्ये अशा नातवंडांसाठी सक्तीच्या वसियतीची तरतूद केली, आणि पाकिस्तानने 1961 मध्ये त्यांना वडिलांच्या जागी हिस्सा दिला. भारतात अशी तरतूद नाही. जे काही करायचे ते आजोबांनाच करावे लागते, आणि त्यासाठी तो एक तृतीयांश भाग अगदी योग्य आहे, कारण काका जिवंत असेपर्यंत ही नातवंडे वारस नसतात आणि म्हणून त्यांच्या लाभातील वसियतीला कोणाच्या संमतीची गरज नसते. वर घेतलेल्या 8 एकरांत हा भाग अडीच एकरांहून थोडा अधिक होतो. पोरक्या लेकरांना शिक्षणापुरता आणि डोक्यावर छप्पर येण्यापुरता तो पुरेसा आहे. सांभाळलेल्या, पण इस्लामी कायद्यात दत्तक म्हणून वारस न ठरणाऱ्या मुलासाठी, किंवा आयुष्यभर सेवा केलेल्या विधवा सुनेसाठीही हाच मार्ग आहे. तरीसुद्धा मुलांच्या नावे निरर्थक मृत्युपत्र करणारे हात या ठिकाणी लिहायला उचलले जात नाहीत. नातवंडांना काका बघेल, असे म्हटले जाते. काका बघतोही, पण त्यांचा हक्क म्हणून नव्हे.

असे मृत्युपत्र करताना काही गोष्टी पाळाव्यात. एकूण मिळकत आणि कर्जे नमूद करावीत, म्हणजे एक तृतीयांशाचा हिशेब पुढे वादात सापडणार नाही. द्यायची जमीन गट क्रमांक व चतुःसीमेसह लिहावी. दोन साक्षीदार घरच्या वारसांखेरीज असावेत आणि वय झाले असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. नोटरीपाशी थांबू नये, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी, किंवा मजकूर गुप्त ठेवायचा असल्यास सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवावे. नातवंडे अल्पवयीन असतील तर आणखी एक बाब अत्यंत महत्त्वाची आहे. मुसलमानी कायद्यात आई ही लेकरांच्या मिळकतीची आपोआप पालक होत नाही. तो अधिकार वडील, त्यांनी नेमलेला वसी (मृत्युपत्राने नेमलेला कारभारी), आजोबा आणि आजोबांनी नेमलेला वसी यांच्याकडे क्रमाने जातो. मुलाने स्वतः कोणाला नेमलेले नसेल, तर आजोबांना मृत्युपत्रातच सुनेला वसी नेमता येते, आणि तसे केले तर तिला त्या जमिनीचा कारभार पाहण्यासाठी दिराच्या परवानगीकडे बघावे लागत नाही. मृत्युपत्राची एक प्रत आणि नोंदणीची पावती तिच्याकडेच द्यावी, कारण तिच्याकडे तो कागद नसला तर असा कागद झाला होता हे सांगायला त्या घरातून दुसरे कोणी पुढे येईलच याची खात्री धरता येत नाही.